शेततळ्यावरील गळ : अल्प खर्चात काठी व फिरकीची निवड

शेततळे खोदले जाते ते मुख्यतः पिकाच्या पाण्यासाठी. तथापि तळ्यात आठ-दहा महिने पाणी टिकू लागले, की शेतकऱ्याच्या मनात मत्स्यपालनाचा विचार येतो, व तो योग्यच होय. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. त्यानंतर गावोगावी जी तळी तयार झाली, त्यांपैकी अनेक तळ्यांत आज रोहू, कटला, मृगळ व सायप्रिनस हे मासे वाढताना दिसतात. विक्रीसाठी मासे काढावयाचे असल्यास जाळे ओढण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु घरच्या कालवणापुरते दोन मासे हवे असतील, अथवा सुटीत आलेल्या पाहुण्यांना व मुलांना घटकाभर विरंगुळा हवा असेल, तर तेवढ्यासाठी सगळे तळे ढवळणे परवडत नाही. अशा प्रसंगी गळ हेच सोयीचे साधन होय.

पूर्वी कळकाची काठी, सुताचा दोरा व लोहाराकडून वाकवून आणलेला गळ एवढ्यावर काम भागत असे. आता शहरांतील दुकानांतून काठी व फिरकी यांची तयार जोडी मिळते. शेतावरील भेटीच्या वेळी कित्येक शेतकरी बंधू विचारतात, ‘यातली कोणती घ्यावी? स्वस्तातली चालेल काय?’ ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे. स्वस्त जोडी चालते. मात्र कोठे काटकसर करावी व कोठे करू नये, हे ठाऊक असले पाहिजे.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने हौसेखातर पहिली जोडी विकत घेतली ती केवळ रूप पाहून. काठी ओढली असता बारा फूट लांब होत असे. फिरकी चकचकीत होती व तिच्या खोक्यावर छऱ्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला होता. एका रविवारी सायंकाळी ही जोडी घेऊन मी परिचयाच्या एका शेतकऱ्याच्या तळ्यावर गेलो. तळे तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व प्लास्टिकच्या कागदाने अस्तरलेले होते. गळ टाकून काठी काठावरील दगडाला टेकवून ठेवली व आम्ही बोलत बसलो. इतक्यात मोठा कटला गळाला लागला. अशा वेळी फिरकीने दोरा सोडावयास हवा होता. परंतु तिच्यातील ताणाची चकती घट्ट धरून बसली होती. दोरा सुटेना, म्हणून मासा काठीच ओढून नेऊ लागला. शेतकऱ्याचा बारा वर्षांचा मुलगा काठी धरण्यासाठी धावला व शेवाळलेल्या कागदावरून घसरून थेट पाण्यात गेला.

त्या शेतकऱ्याने तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेले दोर खुंटांना बांधून पाण्यात सोडून ठेवले होते, म्हणूनच मुलगा हाती लागला. काठी दुसऱ्या दिवशी मिळाली. मासा दोरा तोडून गेला. फिरकी नीट पारखून घेतली नाही व काठी हातातून सोडली, ह्या दोन्ही चुका माझ्याच होत्या. पुढे जे सांगावयाचे आहे, ते ह्या चुकांतून शिकलेले आहे.

फिरकीचे खरे काम

दूरवर गळ फेकता यावा म्हणून फिरकी घ्यावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तीस मीटर रुंदीच्या तळ्यात कोणत्याही काठावरून मध्य पंधरा मीटरवर येतो. एवढ्या अंतरावर कोणतीही सामान्य फिरकी गळ सहज पोचविते. फिरकीचे खरे काम मासा लागल्यानंतर सुरू होते. पतंग उडविणारा मुलगा वाऱ्याचा झोत आला की ढील देतो व झोत ओसरला की दोर गुंडाळतो. तेच काम येथे फिरकीने करावयाचे असते. मासा जोराने पळाला की दोरा सुटला पाहिजे, तो थकला की गुंडाळता आला पाहिजे. ढील न देणारी फिरकी ही निव्वळ दोरा गुंडाळण्याची गरगडी होय. तिच्यासाठी पैसे मोजण्याऐवजी कळकाची काठी बरी.

किंबहुना, खरेदीपूर्वी आपल्याला फिरकीची गरज आहे काय, हेच प्रथम ठरवावे. तळे लहान असेल, त्यात चिलापीसारखे अर्ध्या किलोच्या आतील मासे असतील व ते काठाजवळ येत असतील, तर दहा-बारा फुटांची सरळ, वाळलेली कळकाची काठी व तिच्या शेंड्याला बांधलेला तंगूस पुरेसा होतो. मासे किलोच्या वर वाढलेले असतील किंवा ते मध्यभागीच राहत असतील, तरच फिरकीचा खर्च सार्थकी लागतो.

बाजारात फिरकीचे अनेक प्रकार आढळतात. नवशिक्याने स्थिर रिळाची, म्हणजे काठीच्या खालच्या अंगाला बसणारी व तारेची कमान असलेली फिरकी घ्यावी. दुकानदार हिला ‘स्पिनिंग रील’ म्हणतात. हिच्यात गळ फेकताना रीळ फिरत नाही. सूतगिरणीतील कांडीच्या टोकावरून धागा सुटावा तसा दोरा रिळाच्या कडेवरून सुटतो. त्यामुळे दोऱ्याचा गुंता कमी होतो. आल्फ्रेड इलिंगवर्थ ह्या कापडधंद्यातील इंग्रज गृहस्थाने 1905 साली ह्या रीतीच्या फिरकीचे पेटंट घेतले होते. काठीच्या वरच्या अंगाला बसणारी, फेकताना रीळच फिरणारी फिरकी नवशिक्याच्या हातून हमखास गुंतते. तिच्या वाटेस जाऊ नये.

दुकानातच फिरकी पारखावी

खोक्यावरील छऱ्यांच्या आकड्यावरून फिरकीची परीक्षा होत नाही. हलक्या प्रतीच्या दहा छऱ्यांपेक्षा नीट बसविलेले दोन-तीन छरे अधिक काम देतात. पुढील चाचण्या दुकानातच, कोणतेही उपकरण न लागता करता येतात.

पहिली चाचणी : फिरकीची मूठ सावकाश फिरवून पाहावी. फिरताना खरखर किंवा मधेच अडखळणे जाणवू नये. मूठ वर-खाली हलवून पाहिली असता फार डुगडुगू नये.

दुसरी चाचणी : तारेची कमान उघडून मूठ फिरवावी. कमान खटकन व पूर्ण बंद झाली पाहिजे. कमानीच्या टोकाशी दोरा ज्यावरून सरकतो ती छोटी चकरी नखाने फिरवून पाहावी. ती न फिरल्यास दोरा तेथे घासून झिजतो.

तिसरी चाचणी : मूठ उलट दिशेस फिरवून पाहावी. उलट फिरणे रोखणारी कळ लावली असता मूठ मागे जाता कामा नये.

चौथी चाचणी, व हीच सर्वांत महत्त्वाची : रिळाच्या डोक्यावर किंवा फिरकीच्या मागील बाजूस ताण कमी-अधिक करण्याची चक्री असते. तीस दुकानदार ‘ड्रॅग’ म्हणतात. रिळावर थोडा दोरा घेऊन त्याच्या टोकास एक लिटर पाण्याने भरलेली बाटली, म्हणजे सुमारे एक किलो वजन, टांगावी. चक्री पूर्ण आवळली असता बाटली स्थिर राहावी. चक्री हळूहळू सैल केली असता बाटली एकसारख्या गतीने खाली उतरावी. ती मधेच थांबून एकदम गचका देऊन सुटत असेल, तर ती फिरकी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. मासा दोरा तोडतो तो ह्या गचक्यामुळेच.

फिरकीच्या आकाराचे निरनिराळे क्रमांक असतात. शेततळ्यासाठी 2500 किंवा 3000 क्रमांकाची फिरकी योग्य होय. क्रमांकांची पद्धत सर्व कारखानदारांची तंतोतंत सारखी नसते, म्हणून रिळावर 0.30 मि.मी. जाडीचा दोरा किमान शंभर मीटर मावतो काय, एवढे पाहून घ्यावे. बहुतेक रिळांवर ही माहिती कोरलेली असते.

काठीची निवड

काठी सहा ते सात फुटांची, दोन तुकड्यांत जोडावयाची घ्यावी. ओढून लांब होणारी काठी पिशवीत मावते, म्हणून ती मोहात पाडते. परंतु तिचे सांधे अधिक असतात, व स्वस्त प्रतीत ते लवकर ढिले पडतात किंवा माती जाऊन अडकून बसतात. बारा फुटांच्या काठीची तर तळ्यावर काहीच गरज नसते. शेताच्या बांधावर झाडे, पाइप व विजेच्या तारा असतात. तेथे आखूड काठीच सावरता येते.

काठी काचतंतूची असावी. कार्बनतंतूची काठी वजनाने हलकी असते व तिची महतीही बरीच सांगितली जाते. परंतु ती अधिक महाग असते, आपटली असता लवकर तडकते, आणि मुख्य म्हणजे कार्बन विजेचा वाहक आहे. आपल्या शेतांवरून उच्च दाबाच्या तारा जातात, हे ध्यानात ठेवावे. काचतंतूची काठीही ओली असता धोक्याची ठरू शकते. यास्तव काठी कोणतीही असो, तारांखाली उभे राहून गळ कधीही फेकू नये आणि ढग गडगडू लागताच काठी खाली ठेवून तळ्यापासून दूर व्हावे.

काठी घेताना तिची मूठ स्वतः धरावी व दुसऱ्याकडून शेंडा सावकाश खाली ओढवावा. काठी धनुष्यासारखी एकसारखी वाकली पाहिजे. एकाच ठिकाणी कोन पडत असेल, तर ती तेथेच मोडणार. त्यानंतर दोन्ही तुकडे जोडून कड्या एका रेषेत येतात काय ते पाहावे. प्रत्येक कडीतून थोडा कापूस फिरवावा. कापसाचे तंतू जेथे अडकतील तेथे चीर किंवा खरवड आहे असे समजावे. असली एकच कडी नवा दोरा दोन दिवसांत कापून काढते.

दोरा, गळ व आमिष

तयार जोडीबरोबर जो दोरा मिळतो तो बहुधा हलक्या प्रतीचा व खोक्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेला असतो. तो काढून टाकावा व चांगला तंगूस वेगळा विकत घ्यावा. एक-दोन किलोच्या माशांस 0.28 ते 0.30 मि.मी. जाडीचा दोरा पुरतो. त्याची ताकद साधारणतः चार ते सहा किलो असते. विणलेला बारीक दोरा फार बळकट असतो हे खरे, पण तो बोटे कापतो व स्वस्त कड्यांवर चरे पाडतो. नवशिक्यास त्याचे प्रयोजन नाही. रीळ काठोकाठ न भरता कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा ठेवावी. अधिक भरल्यास वेटोळी एकदम सुटून गुंता होतो, कमी भरल्यास गळ दूर जात नाही.

ताणाची चक्री दोऱ्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर बसवावी. दोरा चार किलोचा असल्यास एक किलोच्या थोड्या अधिक ओढीने तो सुटू लागावा. येथेही पाण्याची बाटलीच उपयोगी पडते. गाठीच्या जागी दोरा कमजोर होतो, म्हणून गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने ओली करून घ्यावी.

गळाच्या क्रमांकांचा उलटा हिशेब लक्षात ठेवावा : क्रमांक जितका मोठा, तितका गळ लहान. रोहू व मृगळ यांस सहा ते आठ क्रमांकाचा गळ योग्य असतो. गळाच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो पकडीने दाबून सपाट करावा. त्यामुळे बोटात अथवा कापडात रुतलेला गळ सहज निघतो व लहान मासा इजा न होता पाण्यात परत सोडता येतो.

अस्तराच्या तळ्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गळ व शिसे तळाशी ओढत नेल्यास प्लास्टिकचा कागद फाटण्याची भीती असते, व एका छिद्रापायी तळ्यातील पाणी जाऊ शकते. दोन माशांच्या हौशीसाठी उन्हाळ्यातील फळबाग पणास लावणे शहाणपणाचे नाही. म्हणून अशा तळ्यात बुचाचा तरंगा लावूनच गळ टाकावा व गळ तळापासून निदान हातभर वर राहील अशी खोली ठेवावी. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. तेव्हा तरंग्यावरील गळाला पहिले दोन मासे मिळावयास अडचण पडत नाही. आमिषासाठी बाजारी वस्तू विकत घेण्याची आवश्यकता नाही. ज्या माशांना रोज तांदळाचा कोंडा व शेंगदाण्याची पेंड दिली जाते, त्यांना त्याच मिश्रणात थोडी कणीक मळून केलेली गोळी ओळखीची वाटते. गांडूळही चालते.

खर्चाची वाटणी

समजा, एकूण दोन हजार रुपये खर्च करावयाचे आहेत. बाजारभाव ठिकठिकाणी निराळे असतात, तथापि वाटणी साधारण पुढीलप्रमाणे असावी : फिरकीस आठशे रुपये, काठीस सहाशे, दोरा, गळ व तरंगे यांस अडीचशे, आणि उरलेले साडेतीनशे रुपये हातजाळी व दोर यांस. शेवटची रक्कम पाहून कोणास आश्चर्य वाटेल. परंतु सर्व रक्कम काठी-फिरकीवर खर्च करून हातजाळीस पैसे न उरणे ही नेहमी होणारी चूक आहे. हातजाळी नसली, की मासा उचलण्यासाठी माणूस उतारावर वाकतो, व अस्तराच्या तळ्यात हाच अपघाताचा क्षण असतो. दहा-बारा फुटांच्या कळकाला बांधलेली हातजाळी असल्यास काठाच्या माथ्यावरून मासा उचलता येतो.

अस्तराच्या तळ्यात पोहता येणारा माणूससुद्धा बाहेर पडू शकत नाही. ओल्या, शेवाळलेल्या कागदावर हात किंवा पाय ठरत नाही. शेततळ्यात बुडून मुले दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळतात. यास्तव चारही बाजूंना जाड, गाठी मारलेले दोर खुंटांना पक्के बांधून पाण्यात सोडावेत, हवा भरलेली जुनी ट्यूब काठावर ठेवावी, तळ्यास कुंपण असावे व मुलांना मोठ्या माणसावाचून गळ टाकू देऊ नये. गळ पाण्यात असेतोवर काठी हातातच ठेवावी. आणि ती पाण्यात गेलीच, तर जाऊ द्यावी. काठी दुसरी मिळते.

निगा व मर्यादा

काम झाल्यावर काठी व फिरकी ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावी, ताणाची चक्री सैल करून ठेवावी व फिरणाऱ्या भागांना तेलाचे एक-दोन थेंब द्यावेत. उन्हाने तंगूस कुजतो, म्हणून जोडी ओसरीवर टांगून न ठेवता घरात ठेवावी व दोरा वर्षातून एकदा बदलावा. काढलेला दोरा शेतात टाकू नये. बगळे व खंड्या त्यात अडकून मरतात, आणि चाऱ्याबरोबर तो जनावरांच्या पोटात गेल्यास अपाय होतो.

आपल्या तळ्यातून गळाने काढलेल्या माशांची नोंद मत्स्यबीजाच्या वहीत ठेवावी. नाहीतर वर्षअखेर हिशेब जुळत नाही. दुसऱ्याच्या तळ्यात किंवा पाटबंधाऱ्याच्या जलाशयात गळ टाकण्यापूर्वी परवानगी घ्यावी. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, व त्यावर कित्येक कुटुंबांचे पोट चालते. पहिल्या पावसात ओढ्याने वर जाणारे चढणीचे मासे अंडी घालण्यास निघालेले असतात. ते हौसेसाठी मारू नयेत. महाडजवळील वाळणकोंडीसारख्या, श्रद्धेने राखलेल्या डोहांत तर गळ टाकण्याचा विचारही करू नये.

सारांश, अल्प खर्चाच्या जोडीत काठीची लांबी, फिरकीची चकाकी व छऱ्यांची संख्या यांकडे दुर्लक्ष करावे; ताण एकसारखा सुटतो काय, कड्या गुळगुळीत आहेत काय व दोरा नवा आहे काय, एवढेच पाहावे. त्याहीपूर्वी तळ्याचा काठ पाहावा. त्या सायंकाळी मुलाला कोरडे कपडे घालून झाल्यावर त्याचे वडील मला एवढेच म्हणाले, ‘साहेब, आधी दोर बांधायचा, मग गळ टाकायचा.’ गळ टाकू इच्छिणाऱ्या प्रत्येक शेतकरी बंधूने हा क्रम पाळावा, अशी विनंती आहे.